बायकांनी केलेले, बोलत्या बायकांवरचे माहितीपट: चार शनिवारांसाठी काय निवडावं, कसं दाखवावं?

वाचनकट्टा (धागाकर्ता)

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात ओळीने चार शनिवार, संध्याकाळी माहितीपट दाखवायचे ठरतंय. सूत्र असं: राजकारणात, चळवळीत किंवा पत्रकारितेत उघड बोलणाऱ्या, भांडणाऱ्या बायका आणि दिग्दर्शकही बाईच.

हाती काय आहे ते सांगतो. पत्र्याच्या छताचा हॉल, खाली सतरंज्या, साठेक माणसं बसतात. 3000 ल्युमेनचा प्रोजेक्टर, आठ फूट रुंदीचा पडदा, भजनी मंडळाचे दोन स्पीकर आणि मिक्सर. चर्चेसकट दोन तास. तिकीट नाही. निम्मे प्रेक्षक पन्नाशीपुढचे, त्यातल्या बऱ्याच जणांना इंग्रजी सबटायटल वाचता येत नाहीत.

हवं ते असं:
1. कोणते माहितीपट, कोणत्या क्रमाने? थोर स्त्रियांची हार घातलेली चरित्रं नकोत.
2. परवानगी कुणाची आणि कशी घ्यायची?
3. मराठी सबटायटल घरी करता येतात का?
4. खेळानंतर 'छान होता' यापुढे चर्चा सरकवायची कशी?

---

रीळ_16

सुट्टे चार निवडण्याऐवजी जोड्या लावा. एका बाईवर किंवा एका कामावर दोन वेगवेगळ्या दिग्दर्शिकांनी केलेले माहितीपट पाठोपाठ पाहिले, की प्रेक्षकाला आपोआप कळतं: पडद्यावरची बाई जशी दिसते त्यातलं अर्धं तिचं असतं, अर्धं संकलनाच्या टेबलावरचं. चौथ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच येऊन जातं.

पहिला शनिवार: 'मोलकरीण' (1981, 25 मिनिटं) आणि 'लक्ष्मी अँड मी' (2007, 59 मिनिटं). मिळून 84 मिनिटं, म्हणजे चर्चेला अर्धा तास उरतो.

'मोलकरीण' युगांतर या गटाचा. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेऱ्यामागे नवरोज काँट्रॅक्टर, अशा चौघांनी 1980 मध्ये गट उभा केला. पुण्यातल्या घरकामगार बायकांनी काम बंद ठेवलं आणि त्यातून त्यांची संघटना बांधली गेली, ती ही गोष्ट. 16 मिमी, कृष्णधवल आणि बोली मराठी, त्यामुळे तुमचा सबटायटलचा प्रश्न इथे उद्भवतच नाही. युगांतरच्या फिल्म्स वस्त्यांमध्ये आणि संघटनांच्या बैठकांत दाखवून त्यावर बोलण्यासाठीच केलेल्या होत्या. तुमचा सतरंजीवरचा प्रेक्षक हाच त्यांचा मूळ प्रेक्षक, असं समजा.

'लक्ष्मी अँड मी' निष्ठा जैन यांचा. मुंबईतल्या स्वतःच्याच घरी काम करणाऱ्या मुलीवर त्यांनी कॅमेरा लावला. इथे संघटना नाही, घोषणा नाहीत. मालकीण आणि दिग्दर्शिका एकच बाई आहे आणि तो अवघडलेपणा तिने लपवलेला नाही. 1981 ची मोलकरीण समूहात उभी राहून बोलते, 2007 ची एकटी आहे आणि मोजकं बोलते. असं का, हा प्रश्न हॉलमध्ये कुणीतरी विचारतंच. महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 सालचा आहे, तेवढा संदर्भ सूत्रसंचालकाने जवळ ठेवावा.

दुसरा आणि तिसरा शनिवार: संपत पाल, उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडात गुलाबी साडी नेसणाऱ्या बायकांची 'गुलाबी गँग' उभारणारी. किम लाँगिनोटो यांचा 'पिंक सारीज' (2010) आणि निष्ठा जैन यांचा 'गुलाबी गँग' (2012). दोन्ही 96 मिनिटांच्या घरातले, म्हणून एका संध्याकाळी बसत नाहीत.

लाँगिनोटो स्वतः कॅमेरा धरतात, सोबत अगदी छोटं पथक, बस्स. त्यामुळे कॅमेरा घरात, अंगणात, रडारडीत, नवरा-बायकोच्या भांडणात सहज शिरतो. संपत पाल तिथे एकटी नायिका आहे. घरचं मोडलेलं नातंही दिसतं. जैन बाहेर येतात: गाव, पंचायत निवडणूक, पोलीस चौकी. एका तरुण सुनेचा जळून मृत्यू झालाय, 'स्वयंपाक करताना पेटली' म्हणून सासरचे सांगतात आणि सगळं गाव तोंडाला कुलूप लावून उभं. संपत पाल खोदत राहते, तरी प्रकरण हातातून निसटतं. पुढे त्याहून कठीण प्रसंग: गँगमधलीच एक बाई, स्वतःच्या बहिणीचा भावाने 'इज्जती'साठी खून केल्यावर भावाची बाजू घेते. गुलाबी साडी नेसली म्हणजे डोक्यातलं सगळं बदललं असं होत नाही, हे इतकं नागडं दाखवणारा दुसरा माहितीपट भारतात क्वचितच सापडेल.

क्रम उलटा करू नका. आधी 'गुलाबी गँग' दाखवला तर 'पिंक सारीज' घरगुती भांडणांची मालिका वाटते. आधी नायिका पाहिली की नंतर तिच्या भोवतालची अडचण बोचते.

एक सावधगिरी. 'गुलाबी गँग'मध्ये सुरुवातीच्या भागात जळालेल्या मृतदेहाची दृश्यं आहेत. खेळाआधी सांगा आणि लहान मुलांना मागच्या खोलीत बसवायची सोय ठेवा. आणि जाहिरातीत 'माधुरीच्या पिक्चरची खरी गोष्ट' वगैरे लिहू नका. 2014 चा तो 'गुलाब गँग' हा हिंदी चित्रपट वेगळा. त्यावर संपत पाल यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली होती.

---

शाईचा_डाग

जोड्यांची कल्पना आवडली. चौथ्या शनिवारसाठी 'खबर लहरिया' सुचवते.

2002 मध्ये चित्रकूटमध्ये सुरू झालेलं, बुंदेली बोलीतलं, ग्रामीण बायकांनी चालवलेलं हे वर्तमानपत्र. दलित बायका त्यात पुढे. यावरही दोन आहेत: बिशाखा दत्ता यांचा छोटा 'ताजा खबर', त्या वेळी पेपर कागदावर निघायचा, आणि रिंतू थॉमस व सुष्मित घोष यांचा 'रायटिंग विथ फायर' (2021), त्यात बायकांच्या हाती स्मार्टफोन येतो आणि पेपर डिजिटल होतो. दुसरा अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात प्रेक्षक पुरस्कार मिळवून गेला आणि 2022 च्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारा पहिला भारतीय पूर्ण लांबीचा माहितीपट ठरला.

पण चर्चेसाठी खरा ऐवज पुरस्कारांत नाही. ऑस्कर सोहळ्याच्या काही दिवस आधी खबर लहरियाने जाहीर निवेदन काढलं: फिल्म प्रभावी आहे, पण आमचं चित्र अर्धवट आहे, आमचं सगळं लक्ष एकाच पक्षावर असतं असं त्यातून दिसतं आणि ते खरं नाही. म्हणजे जिच्या हातात रोज कॅमेरा असतो, तिच्यावर दुसऱ्याने कॅमेरा लावला की काय होतं, याचं हे जिवंत उदाहरण. फिल्म दाखवली तर निवेदनातला मुद्दाही त्याच दिवशी, खेळ संपल्यावर लगेच सांगा. आधी सांगितलात तर लोक चुका शोधत बसतात आणि पेपरच्या मुख्य वार्ताहर मीरा देवींची वार्तांकनाची पद्धत बघायचीच राहते. ती बघण्यासारखी आहे: आवाज चढवत नाही, प्रश्न मात्र सोडत नाही. तलवार मिरवणाऱ्या युवा कार्यकर्त्याशी त्या बोलतात तो प्रसंग पत्रकारितेच्या वर्गात दाखवावा असा.

आता तुमच्या 'दिग्दर्शकही बाईच' या अटीबद्दल. 'रायटिंग विथ फायर'ला सहदिग्दर्शक पुरुष आहे. युगांतरचा कॅमेरा पुरुषाच्या हातात होता. अट काटेकोर लावली तर दोन्ही बाद. त्यापेक्षा 'बाई दिग्दर्शक असल्याने कॅमेरा कुठवर पोचू शकला' हे पाहा. दीपा धनराज यांचा 'इन्व्होकिंग जस्टिस' (2011) घ्या: तमिळनाडूतल्या मुस्लिम बायकांनी स्वतःची जमात, म्हणजे तंटे सोडवणारी समाजाची पंचायत, उभारली, पुदुक्कोट्टईच्या दाऊद शरीफा खानम त्यामागे. तलाक, हुंडा, मारहाण यांची प्रकरणं घेऊन बायका तिथे येतात. ज्या मोकळेपणाने त्या बोलतात, तो परक्या पुरुषांच्या पथकासमोर आला असता का, याची शंकाच आहे.

---

रीळ_16

अट शिथिल करा याला अनुमोदन. 'रायटिंग विथ फायर'चं भारतात नेहमीसारखं प्रदर्शन झालेलं नाही, तेव्हा निर्मात्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत तो पत्रिकेवर छापू नका. पर्याय हाताशी असू द्या.

पर्याय म्हणून निशा पाहुजा यांचा 'द वर्ल्ड बिफोर हर' (2012). एकीकडे मिस इंडिया स्पर्धेची तयारी, दुसरीकडे औरंगाबादमधलं दुर्गा वाहिनीचं, म्हणजे विश्व हिंदू परिषदेच्या मुलींच्या संघटनेचं, शिबिर. शिबिरातली प्राची ही तुमच्या सूत्रातली सगळ्यात अवघड बाई आहे: चोवीस वर्षांची, बोलायला धारदार, लग्न नको म्हणते, आयुष्य संघटनेला द्यायचंय, आणि त्याच संघटनेची शिकवण बाईने घर सांभाळावं अशी. वडील तिला मारतात हे ती सांगते आणि मुलगी असूनही जगू दिलं म्हणून ऋण मानते. 'बोलकी, राजकीय बाई' म्हटलं की आपल्या मताचीच बाई डोळ्यासमोर आणायची सवय असते. ती इथे मोडते.

या फिल्मला हॉल तापू शकतो. दोन्ही बाजूंचे लोक येतील हे धरून चला. पाहुजांनी निवेदन लादलेलं नाही, माणसांना बोलू दिलंय. सूत्रसंचालकानेही तेच करावं. 'हे बरोबर की चूक' असा प्रश्न टाकलात तर दहा मिनिटांत प्राची बाजूला राहते आणि पक्ष समोरासमोर येतात. 'दोन्ही शिबिरांत मुलींना नेमकं काय शिकवतात? चालणं, उभं राहणं, शरीर' असा प्रश्न टाका. दोन्हीकडच्या कवायती शेजारी ठेवणं हा संकलनातला मुद्दाम केलेला डाव आहे. तो पटतो की ताणलेला वाटतो, यावर भांडू द्या.

---

जोडाक्षर

सबटायटलबद्दल. घरी होतात, पण जिथे लोक अडकतात त्या जागा सांगतो.

सर्वात आधी दिग्दर्शिकेकडून सबटायटल न छापलेली, म्हणजे चित्रावर इंग्रजी न कोरलेली प्रत मागा आणि सोबत इंग्रजी सबटायटलची एसआरटी फाइल. वेळा बसवलेल्या आयत्या मिळतात, तुम्हाला फक्त मजकूर बदलायचा. अशी प्रत नसेल तर मराठी ओळी वरच्या कडेला टाकाव्या लागतात, कारण खाली इंग्रजी आधीच बसलेलं असतं. वर-खाली दोन भाषा नाचू लागल्या की चेहरे बघायचे राहून जातात.

भाषांतर इंग्रजीवरून करू नका. संपत पाल बुंदेली-हिंदीत बोलते, ते कानाने ऐकून थेट मराठीत आणा. इंग्रजी ओळ फक्त वेळेसाठी वापरा. इंग्रजीत तिच्या शिव्या धुऊन निघतात, मराठीत त्या जशाच्या तशा येतात. मुडदा, नासका, भडवा, जे असेल ते लिहा. सभ्य केलंत तर ती बाईच बदलते.

एका वेळी दोन ओळी, जास्त नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीची अक्षरं मोजून लाल खूण करतं, तिकडे दुर्लक्ष करा. 'स्त्री' हे डोळ्याला एक जोडाक्षर, सॉफ्टवेअरला ती सहा चिन्हं. मराठीसाठी खरी कसोटी एकच: ओळ नेहमीच्या वेगाने मोठ्याने वाचा; वाचून व्हायच्या आत ती पडद्यावरून जात असेल तर शब्द कापा. पन्नाशीपुढच्या प्रेक्षकांसाठी अजून थोडी सवड ठेवा. दीड सेकंदापेक्षा कमी कुठलीच ओळ नको.

फाइल यूटीएफ-8 मध्ये जतन करा, नाहीतर पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतील. 'राष्ट्र', 'कार्यकर्ती', 'शृंखला', 'त्र्यंबक' हे चार शब्द एका चाचणी ओळीत टाकून ज्या लॅपटॉपवर खेळ लावणार त्यावरच पाहा. जुन्या व्हीएलसीत जोडाक्षरं पाय मोडून पडतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो. खात्रीचा उपाय म्हणजे एएसएस (फॉन्ट ठरवता येतो असा सबटायटलचा प्रकार) फाइल करून, त्यात नोटो किंवा मुक्ता हा देवनागरी फॉन्ट नेमून, ओळी चित्रातच कोरून वेगळी प्रत काढणं. मग कुठल्याही यंत्रावर तीच दिसणार.

दुसरा नेहमीचा घोळ: सुरुवातीला ओळी बरोबर पडतात आणि पुढे हळूहळू घसरत जातात. याचं कारण फ्रेमचा वेग. एसआरटी 25 फ्रेमच्या प्रतीवर केलेली आणि तुमची प्रत 23.976 ची असेल तर तासाला अडीच मिनिटांचा फरक पडतो. ओळी एकेक करून सरकवत बसू नका; 'सबटायटल एडिट' या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमचा वेग बदलायची सोय आहे, एका फटक्यात बसतं. सगळ्या ओळी सुरुवातीपासून सारख्याच अंतराने चुकत असतील तर तो वेगळा आजार, तिथे फक्त सगळी फाइल पुढे-मागे ढकलायची.

96 मिनिटांच्या बडबड्या माहितीपटात हजारावर ओळी सहज होतात. दोघांनी मिळून केलं तरी तीन आठवडे धरा. शेवटची तपासणी अशा माणसाकडून करा ज्याने फिल्म पाहिलेली नाही.

---

तारयंत्र

आवाज आणि चित्रावर थोडं. माहितीपट पडतात ते आवाजामुळे. चित्र फिकं असलं तरी लोक बसतात. बोलणं कळेनासं झालं की उठतात.

पत्र्याखाली बोलणं घुमतं. मागच्या भिंतीवर आणि एका बाजूच्या भिंतीवर जाड सतरंज्या किंवा गोधड्या टांगा. स्पीकर पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्यांच्या डोक्यावरून जाईल इतक्याच उंचीवर, साडेचार-पाच फूट, तोंड किंचित खाली. भजनाला लावलेली मिक्सरची मांडणी तशीच ठेवू नका: एको पूर्ण बंद, बास निम्म्याहून खाली. 'मोलकरीण'सारख्या जुन्या 16 मिमी फिल्मचा आवाज दबका असतो, मधली पट्टी थोडी वर घ्या. ट्रेबल वाढवलात तर नुसती खरखर वाढेल.

ब्लूटूथ नको, आवाज ओठांच्या मागे राहतो. तारेने जोडा. लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर गुणगुण सुरू झाली तर चार्जर काढून पाहा; थांबली तर दोष अर्थिंगच्या वळशाचा. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डवर घ्या, नाहीतर मधे आयसोलेटर लावा. एचडीएमआय लावली की आवाज बऱ्याचदा प्रोजेक्टरच्या पिटुकल्या स्पीकरकडे पळतो, तो सेटिंगमधून परत ओढून आणायचा.

16 मिमीची चौकट 4:3 असते. तुमच्या आठ फुटी पडद्याची उंची साडेचार फूट असेल, तर चित्र सहा फूट रुंद येईल आणि दोन्ही बाजूंना एकेक फूट काळं राहील. ते तसंच राहू द्या. 'पडदा भरला पाहिजे' म्हणून ताणलंत तर सगळ्या बायका आडव्या पसरतील. कृष्णधवल फिल्म पूर्ण अंधार पडल्यावरच लावा. 3000 ल्युमेनला झरोक्यातून येणारा संध्याकाळचा उजेड पुरून उरतो आणि करडे रंग आधी उडतात.

थेट इंटरनेटवरून कधीच चालवू नका. फाइल लॅपटॉपवर, दुसरी पेनड्राइव्हवर. 4 जीबीपेक्षा मोठी फाइल एफएटी32 पेनड्राइव्हवर चढत नाही, एक्सफॅट करून घ्या. आदल्या दिवशी पूर्ण फिल्म शेवटापर्यंत चालवा. खराब उतरलेली प्रत पहिली पाच मिनिटं चांगलीच दिसते.

---

कलम_52

परवानगीत दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि लोक त्या एकत्र कालवतात.

एक, हक्क. फिल्म ज्याच्या मालकीची त्याची लेखी संमती. स्वतःच्या ओटीटी खात्यावरून हॉलमध्ये दाखवणं चालत नाही, ते वर्गणीदाराच्या घरगुती वापरासाठी असतं. तिकीट नाही म्हणून सूट मिळत नाही. यूट्यूबवर दिग्दर्शिकेने स्वतः ठेवलेली फिल्मसुद्धा विचारूनच दाखवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये शिक्षणसंस्थांना सवलत आहे, पण प्रेक्षक फक्त कर्मचारी, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी थेट संबंधित माणसं असतील तरच. सार्वजनिक वाचनालय त्यात बसत नाही. गावातल्या महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यांसाठी खेळ लावला तर बसतो.

दोन, प्रमाणपत्र. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉर मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, माहितीपटालाही. 'गुलाबी गँग' आणि 'द वर्ल्ड बिफोर हर' 2014 मध्ये भारतात चित्रपटगृहांत लागले होते, म्हणजे त्यांचं प्रमाणपत्र झालेलं आहे. पण तुमच्याकडे येणारी प्रत त्याच प्रमाणित आवृत्तीची आहे का, हे विचारा. महोत्सवाची आवृत्ती लांबीने वेगळी असू शकते. 2023 च्या दुरुस्तीपासून प्रमाणपत्र कायमचं वैध असतं, जुनं झालं म्हणून अडत नाही. परदेशी वितरकाकडून येणाऱ्या फिल्मला भारतीय प्रमाणपत्र असेलच असं नाही. तिथे 'सर्वांना प्रवेश' असा फलक लावण्याआधी थांबा.

पत्रात हे लिहा: तारीख, जागा, खुर्च्या किंवा बैठकीची संख्या, प्रवेश मोफत, एकच खेळ, ध्वनिचित्रमुद्रण होणार नाही, खेळानंतर फाइल पुसली जाईल. मानधन किती देऊ शकता तो आकडा स्वतःहून लिहा. 'आमचं बजेट नाही' एवढंच लिहिलेल्या पत्राला उत्तर यायला वेळ लागतो. सबटायटलची परवानगी वेगळी मागा, कारण भाषांतराचा हक्कही मालकाचाच. इथे तुमच्या हातात एक हुकमाचं पान आहे: तयार मराठी सबटायटल फाइल दिग्दर्शिकेला भेट द्यायची तयारी दाखवा. स्वतंत्र माहितीपटकाराला मराठी फाइल सहसा स्वतःच्या खर्चाने करणं जमत नाही, त्यामुळे मानधनाचं बोलणं सोपं होतं.

पत्र सहा आठवडे आधी जाऊ द्या.

---

वाचनकट्टा

सगळ्यांचे आभार. तीन उपप्रश्न. शनिवार संध्याकाळ घरकाम करणाऱ्या बायकांना जमत नाही असं आत्ताच दोघींकडून कळलं. दुसरं, चर्चेत माईक नेहमीच्या चार पुरुषांकडे जातो. तिसरं, समितीतले एक जण म्हणतात की परदेशी एखादा घ्या, 'आरबीजी' (अमेरिकी न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्यावरचा) किंवा तसला.

---

शाईचा_डाग

पहिला खेळ रविवारी दुपारी तीनला घ्या. सकाळची कामं उरकलेली असतात, संध्याकाळची भांडी पाचनंतर. 'मोलकरीण' साडेतीनच्या आत संपेल असा लावा, म्हणजे मधूनच उठावं लागलं तरी त्यांची फिल्म त्यांनी पूर्ण पाहिलेली असेल. या दिवसापुरतं चर्चेचं स्थान बदला: दोन फिल्म्सच्या मधे वीस मिनिटं बोला, शेवटी नाही. फक्त तारयंत्र म्हणतात तो अंधार दुपारी मिळणार नाही. झरोक्यांना काळं कापड किंवा ताडपत्री बांधावी लागेल, आणि चित्राची रुंदी सहा फुटांवर आणलीत तर तोच उजेड कमी जागेत पडून चित्र उजळ होईल.

माईकसाठी साधा नियम जाहीर करा: पहिली तीन बोलणी बायकांची. शांतता पसरली तरी माईक फिरवू नका, मिनिटभर थांबा. हॉलमधली शांतता सूत्रसंचालकालाच जास्त टोचते. शिवाय मध्यंतरात चिठ्ठ्या वाटा: 'कुठल्या प्रसंगात तुम्हाला वाटलं की कॅमेरा इथे नको होता?' हा एकच प्रश्न. लिहिता न येणाऱ्यांसाठी एक मुलगी वही घेऊन बसवा. चिठ्ठ्या वाचूनच चर्चा उघडा. 'फिल्म कशी वाटली' हा प्रश्न टाळा, त्याला 'छान' याशिवाय उत्तर नसतं.

'आरबीजी' (2018) बेट्सी वेस्ट आणि ज्युली कोहेन यांचा, चांगला बांधलेला आहे, पण तुम्हीच वर लिहिलेली हाराची फोटोफ्रेम तीच. शिवाय अमेरिकी न्यायालयाची रचना माहीत नसेल तर निम्मे खटले डोक्यावरून जातात.

परदेशी घ्यायचाच तर गिनी रेटिकर यांचा 'प्रे द डेव्हिल बॅक टू हेल' (2008), 72 मिनिटं. लायबेरियातलं यादवी युद्ध, 2003. मनरोव्हियात पांढरे टीशर्ट घातलेल्या ख्रिस्ती आणि मुस्लिम बायका मासळीबाजाराजवळच्या मैदानात ठाण मांडतात. वाटाघाटी रखडतात तेव्हा घानातल्या अक्रा इथे सभागृहाची दारं अडवून बसतात, करार होईपर्यंत पुरुषांना बाहेर सोडणार नाही म्हणून. या बायकांच्या पुढारी लेमा बोवी यांना पुढे 2011 चं शांततेचं नोबेल मिळालं. ही फिल्म गावात चालते, कारण यातली हत्यारं ओळखीची आहेत: धरणं, उपास, गाऱ्हाणं, शाप. युद्धाचं फुटेज मुबलक होतं, बायकांच्या धरण्याचं शोधून जमवावं लागलं. पाहताना लक्षात येतं की बायकांची जुनी दृश्यं तुटक आहेत आणि मुलाखती लांब. त्यावरही बोलता येईल.

---

रीळ_16

चित्रीकरण कसं होतं यात रस असलेले तरुण असतील तर नानफू वांग यांचा 'हूलिगन स्पॅरो' (2016) लक्षात ठेवा, चार शनिवारांनंतर वेगळा लावायला. चिनी कार्यकर्ती ये हाययान हिच्या मागे दिग्दर्शिका जाते. हैनानमध्ये सहा शाळकरी मुलींना मुख्याध्यापकाने हॉटेलात नेल्याच्या प्रकरणावर निदर्शनं होतात, आणि त्यानंतर पाळत कार्यकर्तीइतकीच कॅमेऱ्यावरही बसते. चष्म्यात बसवलेला छुपा कॅमेरा, खिशातलं ध्वनिमुद्रण यंत्र, आणि शेवटी फुटेज देशाबाहेर काढण्याची खटपट. चित्र हलतं, कधी नुसता काळा पडदा आणि आवाज. प्रोजेक्टर बिघडला असं वाटून कुणीतरी उठेल, आधीच सांगून ठेवा.

अवांतर: 'मोलकरीण' मागताना युगांतरचाच 'तंबाखू चाकिला ऊब आली' (1982) हाही मागा. निपाणीच्या तंबाखू कामगार बायका, सीमाभागातली मराठी, पुन्हा 25 मिनिटं. या फिल्म्स बर्लिनच्या आर्सेनल संस्थेमार्फत अलीकडे डिजिटल झाल्या, त्यामुळे प्रती स्वच्छ आहेत. चौथ्या शनिवारचं पत्र वेळेत परत आलं नाही तर हा राखीव खेळाडू.

---

जोडाक्षर

त्याला सबटायटल लागत नाहीत, पण निपाणीचे काही शब्द विदर्भ-मराठवाड्यात कळणार नाहीत. फिल्म दोनदा ऐकून असे दहा-बारा शब्द फळ्यावर लिहून ठेवा, पडद्यावर काही टाकू नका.